खोटा बिल्ला, खरी टोपी

परवाच्या सोमवारी आयडी कार्ड घरी विसरलो. ज्या गेटमधून गेली तीन वर्षं रोज आत जातोय, तिथले सिक्युरिटी काका मला नावाने ओळखतात. माझ्या बाइकचा नंबर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ आहे. तरीपण…

“सर, कार्ड?”

“काका, विसरलो हो आज. रोज बघता ना मला?”

“बघतो ना सर. पण मी ओळखून काय उपयोग? कार्ड लागतं.”

मग रजिस्टरमध्ये सही, मॅनेजरला फोन, रिसेप्शनच्या सोफ्यावर वीस मिनिटं, आणि शेवटी छातीवर ‘व्हिजिटर’ असा स्टिकर. आमच्याकडे पर्मनंट लोकांच्या कार्डाची दोरी निळी आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांची पिवळी. निळी दोरी नसताना कँटीनच्या लाइनीत उभं राहिलो तर दोघांनी मला “इंटरव्ह्यूला आलात का?” म्हणून विचारलं. एक दोरी गळ्यात नाही तर माणूस परका! हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं लागलंही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी पीटर मास्टर्स नावाच्या एका जुन्या ब्रिटिश कमांडोच्या आठवणी वाचत होतो. पुस्तकाचं नाव ‘स्ट्रायकिंग बॅक’. लढाया, सायकली, बंदुका सगळं आहे त्यात. पण मी अडकलो ते टोपी आणि बिल्ल्यांवर. कारण या माणसाचं कागदावरचं नाव खोटं, गाव खोटं, धर्म खोटा आणि टोपीवरचा बिल्लाही खोटा. खरी होती ती फक्त टोपी. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे हे वाचल्यावर मला राहवेना. :) म्हणून आजची पोस्ट टोप्यांवर. थोडं मागून सुरू करावं लागेल, आणि वाटेत पुण्याजवळचं एक गावही लागणार आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

तर मंडळी, जून १९४०. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य कसंबसं जीव वाचवून परतलेलं. तोफा, ट्रक, सगळं फ्रान्सच्या किनाऱ्यावर टाकून आलेलं. अशा वेळी चर्चिलला शांत बसवेना. जर्मनांच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर रात्री अचानक जाऊन मारा आणि परत या, अशा तुकड्या त्याला हव्या होत्या. डडली क्लार्क नावाच्या लेफ्टनंट कर्नलने योजना मांडली. क्लार्कचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. ब्रिटिशांना १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या ज्या घोडेस्वार तुकड्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं, त्यांना ‘कमांडो’ म्हणत. क्लार्कने शत्रूचंच नाव उचललं.

या तुकड्यांसाठी नवीन भरती केली नाही. आहे त्या फौजेतून स्वयंसेवक मागवले. अट एकच, धोक्याचं काम करायची तयारी. त्यांना बराकही नव्हती. दिवसाला ६ शिलिंग ८ पेन्स भत्ता मिळायचा आणि त्यात गावात कुणाच्या तरी घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायचं. सकाळी अमुक वाजता तमुक ठिकाणी हजर राहा, कसं यायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि चुकलात तर सर्वांत मोठी शिक्षा कोणती? कैद नाही, फटके नाहीत. ‘मूळ पलटणीत परत’! एवढीच. पण तिची सगळ्यांना भयंकर धास्ती असायची.

आता गंमत टोप्यांची. ब्रिटिश फौजेत माणूस ‘आर्मीचा’ नसतो, तो त्याच्या रेजिमेंटचा असतो. टोपीचा आकार, तिच्यावरचा बिल्ला, तुरा, सगळं रेजिमेंटप्रमाणे वेगळं. पुण्यातल्या ढोल पथकांचं कसं असतं? प्रत्येकाचा फेटा वेगळा, आणि “आमच्या पथकाचा फेटा” म्हटलं की छाती फुगते. आता कल्पना करा, एकोणऐंशी पथकांतली पोरं गोळा करून एक नवीन पथक काढलंय आणि प्रत्येक जण आपापल्या जुन्या फेट्यात उभा आहे. एकोणऐंशी हा आकडा मी फेकलेला नाही. १ नंबरच्या कमांडोत खरोखर इतक्या वेगवेगळ्या युनिट्समधून माणसं आली होती. परेडला उभं केलं की टोप्यांचं प्रदर्शन दिसायचं.

काही तुकड्यांनी आपापले उपाय काढले. ११ नंबर ही स्कॉटिश कमांडो, त्यांनी गोल स्कॉटिश टोपी आणि तिच्यावर काळा तुरा लावला. ९ नंबरवालेही काळा तुरा लावायचे. २ नंबरच्या लोकांनी खंजिराचा बिल्ला बनवून घेतला. हा खंजीर म्हणजे फेअरबेर्न आणि साइक्स या दोघांनी बनवलेला दुधारी सुरा. हे दोघं पूर्वी शांघायच्या पोलिसात होते आणि तिथल्या गल्लीबोळांतल्या मारामाऱ्यांचा अनुभव त्या सुऱ्यात उतरला होता. विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने तो १९४१ पासून बनवला. पुढे जगभरच्या कमांडोंच्या बिल्ल्यांवर खंजीर आला. आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेसचा ‘बलिदान’ बिल्ला आठवा, त्यातही खंजीरच आहे. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये धोनीच्या ग्लोव्हजवर तो दिसला आणि केवढा गहजब झाला होता! आयसीसीने काढायला लावला. तेव्हा चॅनेलवर दोन दिवस चर्चा चालली होती की हा बिल्ला कुणी, कुठे लावायचा. बिल्ल्याचं प्रकरण असं हळवं असतं.

असो. १ नंबरवाल्यांनी ठरवलं की सगळ्यांना एकच टोपी पाहिजे. आधी स्कॉटिश टोपीचा विचार झाला, पण इंग्लिश रेजिमेंटवाले ती घालणार नाहीत हे दिसतच होतं. बेरे चालेल, ती कुठल्याच जुन्या इंग्लिश किंवा स्कॉटिश पलटणीची मक्तेदारी नव्हती. (शाळेत एनसीसीत असलेल्यांना बेरे माहीत आहेच. नवी बेरे पाण्यात भिजवून ओलीच डोक्यावर बसवायची, नाहीतर ती डोक्यावर थालीपीठ ठेवल्यासारखी दिसते.) रंग कोणता? १ नंबरच्या खांद्यावरच्या चिन्हात आगीतून जाणारी सॅलमँडर होती, म्हणजे पालीसारखा दिसणारा तो प्राणी. त्या चिन्हात लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग होते. त्यातला हिरवा निवडला. स्कॉटलंडमध्ये एअरशरमधल्या अर्विन गावी पारंपरिक स्कॉटिश टोप्या शिवणाऱ्यांकडून नमुना बनवून घेतला. माउंटबॅटन तेव्हा कम्बाइन्ड ऑपरेशन्सचा प्रमुख होता. (हो, आपला शेवटचा व्हाइसरॉय, तोच.) त्याच्यामार्फत मंजुरी मिळाली आणि १९४२ च्या ऑक्टोबरपासून हिरवी बेरे वाटली जाऊ लागली.

इथे एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा कारण पुढे लागणार आहे. टोपी सगळ्यांची एक झाली, पण तिच्यावरचा धातूचा बिल्ला प्रत्येकाने आपल्या मूळ रेजिमेंटचाच ठेवला. म्हणजे टोपी सांगायची तू काय कमावलंस, आणि बिल्ला सांगायचा तू आलास कुठून.

कमावलंस हा शब्द मुद्दाम वापरला. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅक्नाकॅरी नावाच्या गढीवर १९४२ पासून कमांडोंचं शिक्षण केंद्र होतं. गेटमधून आत शिरलं की रस्त्याच्या कडेला थडग्यांची रांग. प्रत्येकावर पाटी, की हा अमुक चूक केल्यामुळे मेला. डोंगरमाथ्यावर उभा राहिला म्हणून मेला, वगैरे. थडगी खोटी होती, पण नवीन पोरांना पहिल्या दिवशी कोण सांगणार! पाठीवर सगळं सामान आणि रायफल घेऊन सात मैल सत्तर मिनिटांत चालायचे-पळायचे. सरावात खऱ्या गोळ्या वापरत. हे सगळं निभावलं तर हिरवी टोपी.

प्रत्यक्ष छाप्यावर जाताना मात्र बऱ्याचदा डोक्यावर असायची लोकरीची साधी ‘कॅप कम्फर्टर’. म्हणजे एक विणलेली लांब नळी. उलगडली की मफलर, दुमडली की टोपी. आपल्या आजोबांची कानटोपी आणि मफलर यांचं लग्न लावलं तर जे होईल ते! स्कॉटलंडमध्ये स्पीन ब्रिजजवळ १९५२ साली उभारलेलं कमांडो स्मारक आहे. तीन कमांडोंचे पुतळे लांब डोंगरांकडे बघताहेत, त्यांच्या डोक्यावर बेरे नाही, हीच लोकरी टोपी आहे.

आणि काही वेळा पोशाख लपण्यापेक्षा दिसण्यासाठी असायचा. २८ मार्च १९४२ ला फ्रान्समधल्या सँ नाझेर बंदरावर छापा पडला. सहाशेच्या वर माणसं गेली, १६९ मेली, पाच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. अंधारात आपला माणूस कोण हे कळावं म्हणून या लोकांनी आपले पट्टे पांढरे रंगवले होते आणि बरोबर निळ्या उजेडाचे छोटे टॉर्च घेतले होते. २ नंबर कमांडोतले लिव्हरपूल स्कॉटिशवाले तर चक्क किल्ट घालून गेले. मशिनगनच्या माऱ्यात, घागरा घालून! पण तो त्यांच्या पलटणीचा पोशाख होता. मरायचंच असेल तर आपल्या कपड्यात, असा काहीसा हिशेब असावा.

आता ते पुण्याजवळचं गाव. कमांडोंच्या ब्रिगेडला सरकारी नाव होतं ‘स्पेशल सर्व्हिस ब्रिगेड’. आद्याक्षरं घ्या… एसएस. तिकडे हिटलरची काळ्या वर्दीतली एसएस, आणि इकडे आपल्याच कागदांवर एसएस. जवानांना हे नाव अजिबात आवडायचं नाही. तर ‘३ स्पेशल सर्व्हिस ब्रिगेड’च्या पहिल्या दोन तुकड्या, ५ नंबर कमांडो आणि ४४ रॉयल मरीन कमांडो, जानेवारी १९४४ मध्ये मुंबई बंदरात उतरल्या. तिथून त्यांना कुठे नेलं असेल? केडगाव!

दौंड तालुक्यातलं केडगाव हो, नगरजवळचं नव्हे. पुणे-दौंड लाइनवर लागतं ते, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. माझं आजोळ तिथून दोन स्टेशनांवर. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या फलाटावर कितीदा भेळ खाल्ली असेल. हे वाचलं आणि ताबडतोब मामाला फोन लावला.

“मामा, केडगावला कमांडोंचा कँप होता, माहितेय का तुला?”

“कुणाचा?”

“ब्रिटिश कमांडोंचा. दुसऱ्या महायुद्धात.”

“काय सांगतोस! उसात?” मग थोडा वेळ शांतता. “आण्णा असते तर सांगितलं असतं रे त्यांनी.”

आण्णा म्हणजे माझे आजोबा. १९४४ मध्ये ते सात-आठ वर्षांचे असतील. मी इंजिनियरिंगला असताना ते गेले, आणि मी त्यांना कधी काहीच विचारलं नाही. हिरव्या टोप्यांचे गोरे त्यांनी बघितले होते का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. असो…

केडगावहून हे लोक आराकानला गेले, म्हणजे ब्रह्मदेशाचा किनारा. १ नंबर आणि ४२ रॉयल मरीन नंतर येऊन मिळाले. १९४४ च्या डिसेंबरात ते एसएस प्रकरण एकदाचं मिटलं आणि नाव ‘३ कमांडो ब्रिगेड’ झालं. पुढच्याच महिन्यात या ब्रिगेडची सर्वांत मोठी लढाई झाली, कांगाव इथे. जपान्यांची माघारीची वाट तोडण्यासाठी खाडीतून आत शिरून कमांडोंनी ‘हिल १७०’ नावाची टेकडी धरली. ३१ जानेवारी १९४५ ला जपान्यांनी त्या टेकडीवर हल्ल्यामागून हल्ले केले. लेफ्टनंट जॉर्ज नोलँडकडे चोवीस माणसं होती आणि समोरून सुमारे तीनशे येत होते. तो एका खंदकातून दुसऱ्यात पळत राहिला, जमिनीवर ठेवून डागायची मॉर्टर कमरेला धरून डागत राहिला, आणि शेवटी मारला गेला. वय २२. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या टोपीवर बिल्ला कुठला? नॉरफोक रेजिमेंटचा.

आणि त्याच कांगावच्या लढाईत बाजूच्या टेकड्यांवर आपली ५१ वी इंडियन ब्रिगेड लढत होती. तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. हैदराबाद रेजिमेंटचे थिमय्या, बलुच रेजिमेंटचे एल. पी. सेन आणि पंजाब रेजिमेंटचे एस. पी. पी. थोरात. थोरात म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचे, पुढे लेफ्टनंट जनरल झाले. ‘मेलरोज’ नावाची टेकडी त्यांच्या २/२ पंजाबने २९ जानेवारीला हातघाईची लढाई करून घेतली. तिघांनाही डीएसओ मिळालं. म्हणजे बघा, मराठी माणूस, पंजाबी पलटण, पंजाबचा बिल्ला. कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. बिल्ला त्यांना मिळाला होता आणि त्यांनी तो निभावला.

इथवर सगळं अभिमानाचं झालं. आता बिल्ल्याची दुसरी बाजू, आणि ती वाईट आहे.

सैनिक युनिफॉर्म का घालतो? शिस्त वगैरे ठीक, पण एक कायद्याचं कारण आहे. १९०७ च्या हेगच्या नियमांपासून ठरलेलं आहे की लढणाऱ्याने दुरून ओळखता येईल अशी खूण लावायची आणि हत्यार उघड बाळगायचं. तसं केलं तर पकडल्यावर तो युद्धकैदी. त्याला गोळी घालता येत नाही, जेवण द्यावं लागतं, रेडक्रॉसला कळवावं लागतं. साध्या कपड्यात पकडला गेला तर तो हेर, मग त्याचं काही खरं नाही. म्हणजे युनिफॉर्म हा एक प्रकारचा करार आहे. मी माझी ओळख लपवत नाही, तू मला माणसासारखं वागव.

१८ ऑक्टोबर १९४२ ला हिटलरने हा करार एकतर्फी फाडला. कमांडोंच्या छाप्यांनी तो चिडलेला होताच. आदेश असा काढला की कमांडो मोहिमेवरचा माणूस सापडला तर तो युनिफॉर्ममध्ये असो नसो, हत्यार टाकून शरण आलेला असो, त्याला मारून टाकायचं. आदेशाच्या फक्त बारा प्रती काढल्या होत्या. आपण काय करतोय हे त्यांना नीट कळत होतं, नाहीतर एवढी लपवाछपवी कशाला?

पहिले बळी तर हा आदेश निघायच्या आधीच पकडलेले होते. नॉर्वेतल्या ग्लोमफ्योर्डचं वीजकेंद्र सप्टेंबरमध्ये २ नंबर कमांडोच्या लोकांनी उडवलं होतं. त्यातल्या सात जणांना २३ ऑक्टोबरला साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत गोळ्या घातल्या. आदेश निघून जेमतेम पाच दिवस झाले होते.

मग डिसेंबर १९४२. मेजर हॅस्लर आणि त्याचे नऊ रॉयल मरीन्स पाच कनूंमधून फ्रान्समधल्या बोर्दो बंदराकडे वल्हवत निघाले, तिथल्या जहाजांना सुरुंग चिकटवायला. रात्रीचं चोरटं काम, अंगावर रंगीबेरंगी ठिपक्यांची जाकिटं. पण त्या जाकिटांवर, वरून दिसतील असे, ‘रॉयल मरीन्स’चे खांद्याचे पट्टे आणि कम्बाइन्ड ऑपरेशन्सचा बिल्ला शिवलेला होता. गरुड, नांगर आणि टॉमीगन, तोच. कशासाठी? पकडले गेलो तर सैनिक म्हणून ओळख पटावी यासाठी. त्या आदेशाची त्यांना काय कल्पना! दहापैकी दोघं थंड पाण्यात गेले, सहा जणांना पकडून मारलं, आणि हॅस्लर व बिल स्पार्क्स हे दोघंच परत आले. मेलेल्यांच्या जाकिटांवर बिल्ले होते. जर्मन नौदलाच्या डायरीत यावर नोंद आहे की सैनिक युनिफॉर्ममध्ये होते, तेव्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात ही नवीच गोष्ट आहे. न्युरेंबर्गच्या खटल्यात ही नोंद पुराव्यात आली. तो लिहिणारा कारकून की अधिकारी, त्याच्या हाताला क्षणभर काहीतरी टोचलं असणार.

आमचे सिक्युरिटी काका माणूस ओळखत होते आणि कार्ड मागत होते. इथे उलटं. कार्ड गळ्यात होतं, पण समोरच्याने ते न बघायचं ठरवलेलं. बिल्ला कितीही खरा असला तरी त्याला किंमत समोरचा मानेल तेवढीच.

आणि आता परत पीटर मास्टर्सकडे. त्याचं खरं नाव पीटर अरानी, जन्म १९२२, व्हिएन्नाचा ज्यू मुलगा. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये इंग्लंडला पळून आला. १९४० मध्ये ब्रिटिशांनी काय केलं, तर जर्मन बोलणारे म्हणजे शत्रू म्हणून अशा हजारो निर्वासितांना तारेच्या कुंपणामागे टाकलं. मग सोडलं आणि पायोनियर कोअरमध्ये घेतलं. तिथे हातात बंदूक नाही, खोरं. ज्यांचं घरदार हिटलरने उद्ध्वस्त केलं त्यांना खड्डे खणायला ठेवलं!

१९४२ च्या जुलैत माउंटबॅटनच्या ऑफिसने १० नंबर कमांडो उभारली. तिच्यात फ्रेंच, बेल्जियन, नॉर्वेजियन, डच असे देश गमावलेले लोक. आणि ३ नंबरचा ट्रूप होता जर्मन बोलणाऱ्यांचा. त्याला ‘एक्स ट्रूप’ही म्हणत. एकूण ८७ जण, बहुतेक ज्यू. वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही गावी ते राहायचे आणि गावकऱ्यांना कळायचं नाही की या इंग्लिश नावांच्या पोरांचे उच्चार असे काय!

कारण प्रत्येकाला आपलं नाव टाकावं लागलं होतं. विचार करायला मिळाली काही मिनिटं. बरेच जण आद्याक्षर तेच ठेवायचे. मानफ्रेड गान्सचा फ्रेड ग्रे झाला. क्लाउस आशरच्या डोक्यावरून तेवढ्यात अ‍ॅन्सन जातीचं विमान गेलं, तो झाला कॉलिन अ‍ॅन्सन. धर्माच्या रकान्यात चर्च ऑफ इंग्लंड. टोपीवर लावायला एखाद्या इंग्लिश रेजिमेंटचा बिल्ला दिला, हॅम्पशर, ससेक्स, वेस्ट केंट वगैरे. त्या रेजिमेंटचा भूगोलही यांना पाठ नसणार. पकडले गेले असते तर ज्यू म्हणून, ‘गद्दार’ म्हणून आणि कमांडो म्हणून, असं तीनदा मरण होतं.

माझी आतेबहीण २००५ च्या सुमाराला पुण्यात कॉल सेंटरला होती. रात्रपाळीला तिचं नाव ‘सँडी’. ती सांगते, पहिले दोन महिने गंमत वाटली. मग एकदा घरी कुणीतरी हाक मारली आणि ती पटकन वळलीच नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही म्हणे. तिला सकाळी सातला कॅबने घरी सोडायचे आणि ती परत आमची ताई व्हायची. या पोरांचं घरच राहिलं नव्हतं. तुलना करू नये हे कळतं, पण समजायला मला तेवढाच एक धागा मिळाला.

६ जून १९४४. मास्टर्स नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला तो ६ नंबर कमांडोच्या सायकलवाल्या ट्रूपबरोबर. पाण्यातून खांद्यावर सायकल घेऊन! अनेक कमांडोंनी लोखंडी हेल्मेट न घालता हिरवी बेरेच घातली होती. पुढे एका गावाशी मशिनगनने त्यांना अडवलं. कॅप्टनने मास्टर्सला सांगितलं की रस्त्याने सरळ चालत जा आणि काय आहे ते बघ. शत्रू कुठून गोळी घालतो हे कळण्यासाठी आपला बळी दिला जातोय, हे त्याला लख्ख समजलं. आणि अशा वेळी त्याला काय आठवावं? ‘गंगा दिन’ नावाचा हॉलीवूडचा सिनेमा! आपल्या वायव्य सरहद्दीवर घडणारा, कॅरी ग्रांटचा. त्यात कॅरी ग्रांट एकटाच शत्रूच्या गराड्यात घुसतो आणि तुम्हा सर्वांना अटक केली आहे असं सांगतो. मास्टर्स भर रस्त्यात उभा राहिला आणि जर्मनमध्ये ओरडला की तुम्हाला वेढा पडलाय, शरण या! कुणी शरण आलं नाही, पण गोंधळून कुणी लगेच गोळीही घातली नाही. मग एक जर्मन उठला, दोघांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, दोघांचे नेम चुकले आणि मास्टर्सची बंदूक अडकली. तेवढ्यात मागून त्याचे सोबती संगिनी लावून धावत आले. वाचला.

युद्धानंतर तो अमेरिकेत ग्राफिक डिझायनर झाला. नाव मास्टर्सच ठेवलं.

फ्रेड ग्रेची गोष्ट तर वेगळीच. मे १९४५ मध्ये तो एक जीप घेऊन मोडलेला जर्मनी ओलांडत टेरेझिनच्या छावणीपर्यंत गेला. तिथे त्याला त्याचे आईवडील जिवंत सापडले. अंगावर ब्रिटिश युनिफॉर्म होता, म्हणून वाटेतली सगळी गेट उघडली.

ज्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं ते नॉर्मंडीत पुरले गेले. कॉमनवेल्थच्या युद्ध स्मशानभूमीत प्रत्येक दगडावर रेजिमेंटचा बिल्ला कोरतात आणि खाली धर्माची खूण. या पोरांच्या कागदांवर जे लिहिलं होतं तेच दगडावर गेलं. उसनं नाव, उसनी पलटण आणि क्रॉस. बऱ्याच वर्षांनी नातेवाइकांच्या आणि इतिहास खणणाऱ्यांच्या प्रयत्नांनी त्यातल्या काही दगडांवर क्रॉसच्या जागी डेव्हिडचा तारा आला.

आर्मीच्या कमांडो तुकड्या १९४६ पर्यंत बरखास्त झाल्या आणि हिरवी बेरे रॉयल मरीन्सकडे राहिली. १० नंबर कमांडोतले १७७ फ्रेंच डी-डेला किफरबरोबर उतरले होते, त्यांचे वारस असलेले फ्रेंच नौदलाचे कमांडो आजही बेरे ब्रिटिश पद्धतीने घालतात. बिल्ला डावीकडे, उरलेली सगळी फ्रेंच फौज तो उजवीकडे ठेवते. ऐंशी वर्षं झाली तरी टोपी कुणाकडून मिळाली हे ते विसरलेले नाहीत.

मला या सगळ्यात राहून राहून एकच चित्र दिसतं. हिरवी टोपी, तिच्यावर इंग्लंडच्या एखाद्या परगण्याचा बिल्ला, आणि खाली व्हिएन्नाचा एक बावीस वर्षांचा पोरगा. बिल्ला सांगतोय तू कुठून आलास, आणि ते साफ खोटं आहे. टोपी सांगतेय तू काय कमावलंस, आणि ते अगदी खरं आहे. अ‍ॅक्नाकॅरीचे ते सात मैल त्याच्या ऐवजी दुसरं कुणी पळालं नव्हतं.

मामाचा काल परत फोन आला होता. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून ठेवतो म्हणाला. दिवाळीत जाणार आहे. काही कळलं तर लिहीनच.

उद्या सोमवार. कार्ड आत्ताच बॅगेत टाकून ठेवलंय. काकांना ही गोष्ट सांगायचीय.